कार म्युझिक सिस्टिमचं काम: सांगवीत दुकान टाकण्याआधी एका गाडीचा पूर्ण हिशोब मांडून बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गाडीचं डॅश उघडून स्टिरिओ, स्पीकर आणि अॅम्प्लिफायर कसा बसवतात ते बघितलं. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे आकडेमोड आहे आणि ती तुमच्या आकड्यांनी परत करायची आहे.

हा धंदा करायची इच्छा असलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर साधारण असा असतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा ऑटो इलेक्ट्रिशियन, चाकण नाहीतर भोसरीच्या कंपनीत कंत्राटावर, वायरिंगची आवड, मित्रांच्या गाड्यांना स्पीकर बसवून दिलेले. राहायला सांगवी, पिंपळे गुरव, कासारवाडी. खिशात लाखभर बचत, बाकी कर्ज काढायची तयारी. आणि डोक्यात एकच प्रश्न, "सर, दुकान टाकू का?"

आधी बाजार बघू. गाडीत रेडिओ बसवायचा धंदा गाडीच्याच बरोबरीने वाढला. १९३० मध्ये अमेरिकेत मोटोरोला नावाने कार रेडिओ आला, त्या नावातला 'मोटर' तिथूनच. आपल्याकडे नाना पेठेतले ऑटोमोबाइल दुकानदार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचं करोल बाग, हे सगळे बाजार एका साध्या गोष्टीवर उभे राहिले: कंपनी गाडी विकायची, म्युझिक बाहेर बसवावं लागायचं.

ती गोष्ट आता तशी राहिलेली नाही. टचस्क्रीन, अँड्रॉइड ऑटो, कारप्ले हे बऱ्याच गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये कंपनीतूनच येतं. जेबीएल ज्यांचा ब्रँड आहे त्या हरमन कंपनीचा कारखाना आपल्याच चाकणमध्ये आहे, आणि ही कंपनी २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची आहे. म्हणजे तुमचा खरा स्पर्धक शेजारच्या चौकातला दुकानदार नाही. गाडी बनते त्याच लाइनवर तो बसलाय.

मग उरलं काय? बेस व्हेरियंट घेणारा, ज्याने पन्नास-साठ हजार वाचवायला स्क्रीन नसलेली गाडी घेतली आणि आता त्याला स्क्रीन पाहिजे. सेकंड हँड गाडी घेणारा. टुरिस्ट परवान्याच्या गाड्या, ज्यांचा चालक दिवसाचे बारा तास आत बसतो. आणि ज्याला कंपनीचा स्क्रीन आवडतो पण आवाज आवडत नाही, त्याला स्क्रीन न बदलता फक्त स्पीकर, डॅम्पिंग आणि छोटा अॅम्प हवा असतो. माझं मत विचाराल तर पुढची पाच-सात वर्षं याच शेवटच्या गिऱ्हाइकाची आहेत. पण त्याच्यासाठी कान आणि मल्टिमीटर दोन्ही लागतात. नुसता स्क्रूड्रायव्हर चालवणारा तिथे टिकत नाही.

एका गाडीचा हिशोब

समजा बेस व्हेरियंटची हॅचबॅक आली. खालचे भाव उदाहरणाचे आहेत, जीएसटी वगळून. तुमच्या होलसेलरकडून आजचे भाव घ्या आणि तेच गणित परत करा.

अँड्रॉइड स्टिरिओ, फ्रेम आणि कपलरसकट: खरेदी ९,५००, विक्री १२,०००.
पुढचे कंपोनंट स्पीकर: खरेदी ४,२००, विक्री ५,५००.
मागचे कोअॅक्सियल: खरेदी २,०००, विक्री २,७००.
चार चॅनेलचा अॅम्प: खरेदी ६,०००, विक्री ७,८००.
तांब्याची वायरिंग किट, फ्यूजसह: खरेदी २,२००, विक्री ३,०००.
दोन दरवाजांचं डॅम्पिंग: खरेदी १,६००, विक्री २,४००.

खरेदी झाली २५,५००. विक्री ३३,४००. वर बसवण्याची मजुरी ३,५००. गिऱ्हाइकाला सांगितले ३६,९००. तो मोबाइल काढतो आणि म्हणतो, "दादा, हाच स्टिरिओ ऑनलाइन ९,८०० ला आहे." हे दर वेळी होणार, त्यामुळे आश्चर्य वाटून घेऊ नका. शेवटी सौदा ३४,००० वर तुटतो.

हातात राहिले ८,५००. बहुतेक जण इथे हिशोब बंद करतात आणि "एका गाडीला साडेआठ हजार सुटतात" असं सगळ्यांना सांगत सुटतात. अजून थांबा. हे काम नीट केलं तर दीड दिवस जातो. मदतनीस रोजाने ७००, म्हणजे १,०५०. टेप, लग्ज, टाय, तुटलेल्या दरवाजाच्या क्लिपा असं किरकोळ ३५०. माल आणायची फेरी २५०. आणि जी गाडी परत येणार आहे तिच्यासाठी बाजूला ठेवायचे तीन टक्के, १,०२०. झाले २,६७०. खरे सुटले ५,८३०.

आता महिन्याचा खर्च. आतल्या गल्लीतला छोटा गाळा १८,०००, वीज २,०००, फोन-इंटरनेट-जाहिरात ३,०००, चहापाणी आणि सटरफटर २,०००, कर्जाचा हप्ता ७,०००. एकूण ३२,०००. यात तुमचा पगार कुठे आहे? चाकणला जे मिळत होतं तेवढं तरी धरा, २५,०००. झाले ५७,०००. भागिले ५,८३०, म्हणजे महिन्याला अशा दहा गाड्या.

दहा गाड्या गुणिले दीड दिवस, पंधरा दिवस. महिन्यात कामाचे पंचवीस दिवस धरले आणि गाडी लावायला एकच जागा असेल, तर जास्तीत जास्त सोळा गाड्या होतात. म्हणजे दहाव्या गाडीपर्यंत तुम्ही फक्त नोकरीइतकं कमावता, आणि खरा फायदा अकरा ते सोळा या सहा गाड्यांत आहे. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा. कारण जी गाडी दुरुस्तीसाठी परत येते ती या सहामधलीच एक जागा खाते, आणि त्या दिवशी तुम्हाला मजुरीही मिळत नाही.

बाहेरून आणलेला माल

दुसरा प्रकार आता खूप वाढलाय. गिऱ्हाईक स्टिरिओ ऑनलाइन मागवतो आणि "फक्त बसवून द्या" म्हणतो. आजूबाजूला पाचशे रुपयांत बसवणारे आहेत. तुमचा तासाचा भाव काढा. ५७,००० भागिले १५० तास (पंचवीस दिवस, दिवसाचे सहा तास खरं काम, बाकीचे दोन तास चौकशीवाल्यांशी बोलण्यात जातातच). ३८० आले. मदतनीसाचे ताशी ९० धरा. साधारण ४७०. स्टिरिओ नीट बसवायला अडीच तास, म्हणजे १,२०० च्या खाली तुम्हाला तोटा आहे.

जागा रिकामी असेल तर पाचशे तरी मिळाले असं वाटतं, आणि एखाद्या मंगळवारी ते बरोबरही असतं. पण एकदा पाचशेचा भाव पडला की शनिवारीही तोच मागतात. त्यापेक्षा दोन भाव पाटीवर लिहा: आमच्याकडून घेतलेल्या मालाची मजुरी इतकी, बाहेरच्या मालाची इतकी. आणि बाहेरच्या मालाला फक्त फिटिंगची हमी, वस्तूची नाही, हे पावतीवर आलंच पाहिजे.

जिथे धंदा जळू शकतो

हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अॅम्पला वीज थेट बॅटरीवरून येते. ती वायर बोनेटखालून, लोखंडी पत्र्याच्या भोकातून आत येते आणि सीटखाली किंवा डिकीत जाते. पाच-सहा महिने गाडी खड्ड्यांतून हादरली, वायर पत्र्याच्या कडेला घासली, सोलली आणि पत्र्याला टेकली की बॅटरीचा पूर्ण करंट त्या वायरमधून धावतो. वायर लाल होते. शेजारी प्लास्टिक, फोम, गालिचा.

याला उपाय दोन, आणि दोन्ही स्वस्त. भोकात रबरी ग्रोमेट. आणि फ्यूज बॅटरीजवळ, वायरने मोजून दीड फुटाच्या आत. बरेच जण म्हणतात, "अॅम्पवर फ्यूज आहे की." तो अॅम्प वाचवतो. बॅटरीपासून अॅम्पपर्यंतची वायर तो वाचवू शकत नाही, कारण तो वायरच्या दुसऱ्या टोकाला बसलाय.

फ्यूज किती एम्पियरचा? गणित सोपं आहे. वरच्या उदाहरणातला अॅम्प खऱ्या ५० वॅटचे चार चॅनेल, म्हणजे २०० वॅट. क्लास एबी प्रकारचा असेल तर आलेल्या विजेतली जेमतेम अर्ध्याहून थोडी जास्त स्पीकरपर्यंत जाते, बाकीची उष्णता होते. म्हणजे बॅटरीकडून ३६० वॅटच्या आसपास लागतील. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८. भागाकार केला तर २६ एम्पियर. ३० चा फ्यूज आणि ८ गेजची तांब्याची वायर. क्लास डी असेल तर हाच आकडा १८ वर येतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकायचा नाही. तो का उडतोय ते शोधायचं.

वायर घेताना जाडीवर जाऊ नका. स्वस्त किटमध्ये वरचं प्लास्टिक जाड असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट. टोक सोलून ब्लेडने खरवडा, आतून चांदीसारखा रंग निघाला की कळलं. किटमागे सहा-सातशे वाचतात आणि त्यावर ३४ हजारांचं काम टांगलेलं असतं.

आणि वॅट. डब्यावर १,२०० वॅट, २,००० वॅट छापलेलं असतं तो क्षणिक कमाल आकडा, त्याला काही अर्थ नाही. आरएमएस बघा आणि गिऱ्हाइकालाही तोच सांगा. सुरुवातीला तुमचा आकडा लहान वाटून एखादा निघून जाईल. जाऊ द्या.

परत येणाऱ्या गाड्या

तक्रारी बहुतेक तीनच प्रकारच्या असतात.

पहिली, "सकाळी गाडी चालू होत नाही." स्टिरिओला दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. पिवळी कायम चालू, तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतं. लाल किल्लीवर चालू-बंद होते. घाईत दोन्ही एकत्र पिळतात, म्हणजे स्टिरिओ झोपतच नाही. अर्धा एम्पियर सतत गेला तर छत्तीस तासांत १८ एम्पियर-तास संपतात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची, म्हणजे अर्धी रिकामी. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी चाकणची शिफ्ट गाठणार कशी? काम झालं की मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हला सिरीजमध्ये लावा, दरवाजे बंद करून अर्धा तास थांबा, गाडीचे सगळे कंट्रोलर झोपू द्या. आकडा ५० मिलिएम्पियरच्या आत हवा. मीटर लावलेला असताना गाडी स्टार्ट करू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. हा अर्धा तास गिऱ्हाइकाला दाखवूनच घ्या. यापेक्षा चांगली जाहिरात नाही.

दुसरी, एक्सलेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी. बहुतेक वेळा अर्थिंग. अॅम्पची काळी वायर रंगावर घट्ट केलेली असते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट घ्या, वायर आखूड ठेवा, वर गंज न लागण्यासाठी थोडं ग्रीस लावा. आणि आवाजाची आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने न्या, बॅटरीची वायर दुसऱ्या बाजूने.

तिसरी पावसाळ्यातली. दरवाजाच्या आत पाणी जाणारच, काचेच्या फटीतून ते उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. डॅम्पिंग शीट लावताना ती भोकं बुजली की पाणी आत साचतं आणि स्पीकर कुजतो. कंपनीचा प्लास्टिक पडदा फाडून फेकला तर पाणी थेट केबिनमध्ये. आणखी एक, काही गाड्यांत साइड एअरबॅगचा दाब मोजणारा सेन्सर दरवाजात असतो. तिथे नवीन भोकं पाडायची किंवा आहेत ती मनाने बुजवायची नाहीत. त्या मॉडेलची माहिती आधी काढा. इलेक्ट्रिक गाडीत जाड नारंगी केबल दिसली की तिच्या वाटेलाच जायचं नाही. म्युझिकचं काम तिथेही १२ व्होल्टच्याच बाजूला असतं.

आपल्या सांगवीसाठी वेगळी गोष्ट. मुळा आणि पवना दोन्ही नद्या शेजारी आहेत. मुळशी आणि पवना धरणांतून पाणी सोडलं की जुन्या सांगवीत नदीकाठच्या काही भागांत पाणी शिरतं. तिथे राहणाऱ्या गिऱ्हाइकाचा अॅम्प सीटखाली गालिच्यावर ठेवू नका. डिकीत बाजूला, उंचावर, लाकडी प्लेटवर घ्या. आणि गाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची जुनी पाण्याची रेघ बघा, शेजारच्याला विचारा.

कागद

गाडी आत घेतली की उघडायच्या आधी जॉब कार्ड. हॉर्न, एसी, काचा, सेंट्रल लॉक, एअरबॅगचा दिवा, सगळं गिऱ्हाइकासमोर चालवून टिक करा, ओरखड्यांचे फोटो काढा, सही घ्या. पाच मिनिटं लागतात. "तुमच्याकडे येण्याआधी काच चालत होती" हे वाक्य मग कोणी म्हणत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस कापायचं नाही, त्या मॉडेलचा कपलरच वापरायचा. वायर कापलेली दिसली की सर्व्हिस सेंटर इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारू शकतं, आणि गिऱ्हाईक तुमच्याकडेच येणार.

बिलावर वस्तूचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहा. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजचा विमा आपोआप होत नाही, त्या पॉलिसीत वेगळ्या दाखवून थोडा जास्तीचा हप्ता भरावा लागतो. त्यासाठी बिल लागतं. हे समजावून सांगितलं की "बिल नको, कमी करा" म्हणणारे निम्मे गप्प होतात.

जीएसटी बघा. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही असं ऐकून बरेच जण निवांत असतात. तुम्ही मजुरीही घेता, म्हणजे सेवा देता, तेव्हा मर्यादा २० लाख धरा. आपल्या हिशोबात महिन्याला दहा गाड्या, ३ लाख ४० हजार. सहाव्या महिन्यातच २० लाख पार. नोंदणी नसताना खरेदीवर भरलेला कर तुमच्याच खिशातून जातो, हेही गणितात घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, सरकारी पोर्टलवर स्वतः करा, एजंटला पैसे देऊ नका. दहापेक्षा कमी कामगार असतील तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

डिकीभर स्पीकर लावून चौकात वाजवणाऱ्या कामाबद्दल थोडंसं. त्यात पैसा दिसतो. पण गाडीच्या रचनेत परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. अशी एक गाडी पकडली गेली आणि त्याने तुमच्या दुकानाचं नाव सांगितलं, की चौकशी तुमच्या दारात. मी तरी हे काम घेऊ नका म्हणेन.

तीन लाख कुठे घालायचे

स्वतःचे १ लाख आणि मुद्रा योजनेच्या किशोर गटातून (५० हजार ते ५ लाख) २ लाख, असं धरू. डिपॉझिट तीन महिन्यांचं ५४,०००. चांगला मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, पॅनल काढायच्या प्लास्टिक पट्ट्या, ड्रिल, सोल्डरिंग, टॉर्क्स बिट्स असं ४०,०००. काउंटर, दिवे, पाटी ४०,०००. माल ७०,०००. उरलेले ९६,००० म्हणजे बरोबर तीन महिन्यांचा खर्च, त्याला हात लावायचा नाही. बघा, मालाला फक्त सत्तर हजार आहेत. म्हणून शोकेस भरायचा मोह टाळा. दोन स्टिरिओ, तीन स्पीकर जोड्या, एक अॅम्प डेमोला. बाकी माल ऑर्डरवर, निम्मा अॅडव्हान्स घेऊन नाना पेठेतून त्याच दिवशी.

मला विचाराल तर पहिले सहा महिने गाळाच घेऊ नका. टूलकिट आणि दुचाकी पुरते. पिंपळे सौदागर, वाकड, औंध, बाणेरच्या सोसायट्यांत शनिवार-रविवारी घरी जाऊन काम करा. नोकरी चालू ठेवा. भाडं, डिपॉझिट, काउंटर हे सगळं वाचतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करायला मात्र गाडीमालकाकडून गेटवर आधी सांगून ठेवायला लावा, नाहीतर अर्धा तास वॉचमनशी बोलण्यात जातो. पावसाळ्यात छत असलेलं पार्किंग आहे का ते फोनवरच विचारा. या सहा महिन्यांत महिन्याला चार-पाच पूर्ण कामं स्वतःच्या जोरावर आली, आणि परत आलेल्या गाड्या दहात एकापेक्षा कमी राहिल्या, तर गाळा शोधायला लागा. गाडी उभी करायला स्वतःची जागा असलेलाच घ्या. रस्त्यावर गाडी लावून डॅश उघडायचा, तर वाहतूक पोलीस आणि शेजारचा दुकानदार दोघंही रोज येतील.

गाळा घ्यायचा तर श्रावणात घ्या. पितृपक्षात नवीन गाड्यांची डिलिव्हरी मंदावते, त्या पंधरवड्यात रंग, दिवे, पाटी उरकते. दसऱ्याला शोरूममधून गाड्या सुटायला लागतात आणि दिवाळीपर्यंत तुमची एकच जागा रिकामी राहत नाही. त्या वीस-बावीस दिवसांसाठी दुसरा मदतनीस आधीच सांगून ठेवा, आणि लोकप्रिय मॉडेलचे कपलर आणि फ्रेम पितृपक्षातच घेऊन ठेवा. दसऱ्याच्या आठवड्यात ते होलसेलरकडे मिळायची वाट बघत बसलात तर गाडी उघडी आणि हात रिकामे.

पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड आणि दोन भावांची पाटी कशी बनवायची ते दाखवतो. तोपर्यंत वरचा दहा गाड्यांचा हिशोब तुमच्या भागातल्या भाड्याने आणि तुमच्या पगाराने करून ठेवा.